ब्राह्मी आणि मंडूकपर्णी : एका नांवाचा घोटाळा

(१)

वैद्यकाचीं जुनीं बाडें चाळणाऱ्या संशोधकाला ज्या नांवांपाशीं वारंवार ठेंच लागते, त्यांत ‘ब्राह्मी’ या नांवाची गणना प्रथम करावी लागेल. वस्तुतः या नांवाइतकें परिचित नांव दुसरें नाहीं. महाराष्ट्रांत ज्याच्या परसांत पाणवठ्याची ओल आहे, त्याच्या घरीं ब्राह्मीचा ताटवा असतो. परीक्षेच्या दिवसांत आई मुलाला त्याचीं चार पानें चावून खावयास लावते, आणि बाजारांत ब्राह्मीच्या तेलाची बाटली न मिळेल असें गांव शोधावें लागेल. जी वस्तु इतकी सर्वतोमुखीं आहे तिच्याविषयीं शंका ती कसली, असें कोणीहि म्हणेल. परंतु हीच ‘ब्राह्मी’ घेऊन बंगाल्यांतील कविराजाकडे गेलें असतां तो ती हातांत घेऊन ‘ही तर थानकुनी’ असें म्हणेल, आणि आपल्याकडील ब्राह्मी म्हणून एक अगदीं निराळीच वनस्पति दाखवील. केरळांतील वैद्यहि त्याचीच री ओढील. उलटपक्षीं हरिद्वाराच्या व पंजाबच्या बाजूस गेल्यास आपलीच ब्राह्मी तेथें ब्राह्मी म्हणून विकत मिळेल. एकाच शास्त्राचे अध्ययन करणारे, तेच चरक-सुश्रुत पढलेले वैद्य एकाच शब्दाचा अर्थ प्रांतपरत्वें दोन प्रकारांनीं करतात, ही गोष्ट केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांवर सोंपवून देण्यासारखी नाहीं. शब्दाचा अर्थ कोठें, केव्हां व कशामुळें पालटला हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर हस्तलिखितांतच शोधावें लागतें. म्हणून त्रैमासिकाच्या वाचकांपुढें तो मांडण्याचें धाडस करीत आहें. यामागें प्रस्तुत लेखकाच्या हातून पूर्वीं घडलेल्या एका अपराधाचें परिमार्जन करण्याचाहि हेतु आहे. तो अपराध कोणता तें पुढें योग्य स्थळीं येईल.

(२)

प्रथम दोन्ही वनस्पतींचें स्वरूप सांगितलें पाहिजे, म्हणजे पुढील विवेचनांत गोंधळ राहणार नाहीं. 

पहिली वनस्पति महाराष्ट्रांत सामान्यतः ब्राह्मी म्हणून ओळखली जाते, तीच कोंकणांत ‘कारिवणा’ या नांवानेंहि प्रसिद्ध आहे. हिचे दोरे जमिनीसरसे सरपटत जातात, पेऱ्यापेऱ्याला मुळें फुटतात आणि त्या पेऱ्यांतून लांब देंठावर एकेक पान उभें राहतें. पान वाटोळें, देंठापाशीं खांच असलेलें, मूत्रपिंडाच्या आकाराचें असून त्याची कड बारीक दंतुर असते. फुलें इतकीं लहान व पानांखालीं दडलेलीं कीं, तीं पाहिलेला मनुष्य विरळा. कानडींतील ‘ओंदेलग’ या नांवाचा अर्थच ‘एकपानी’ असा आहे. बंगालींत हिला ‘थानकुनी’, तामिळांत ‘वल्लारै’ आणि सिंहलींत ‘गोटुकोला’ म्हणतात. कुलानें ही कोथिंबीर व ओवा यांची नातलग होय. लिनियसनें इ. स. १७५३ मध्यें हिला ‘हायड्रोकोटाइल एशियाटिका’ हें नांव दिलें. पुढें १८७९ मध्यें उर्बान यानें तें पालटून ‘सेंटेला एशियाटिका’ असें केलें.

दुसरी वनस्पतिहि भुईसरपटच, परंतु पाण्याच्या कडेला, दलदलींत, भातखाचरांच्या बांधाला वाढणारी. हिचें खोड मऊ व रसाळ, पानें समोरासमोर, देंठाविरहित, लहान, जाड आणि टोंकाकडे रुंद होत गेलेलीं. फुलें फिक्या निळसर किंवा पांढऱ्या रंगाचीं, पानांच्या बगलेंतून एकएकटीं येणारीं आणि चटकन् दिसणारीं. चवीला ती फार कडू. आपल्याकडे तिला ‘नीरब्राह्मी’ किंवा ‘जलब्राह्मी’ म्हणतात. लिनियसनें १७५६ मध्यें तिचें वर्णन केलें. नंतर बरेच दिवस ती ‘हर्पेस्टिस मोनिएरा’ या नांवानें ओळखली जात असे. हर्पेस्टिस या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘सरपटणारी’ असा आहे. आजचें तिचें शास्त्रीय नांव ‘बॅकोपा मोनिएरी’. 

दोघींत साम्य तें एवढेंच कीं, दोघी ओलीच्या जागीं वाढतात, दोघी जमिनीवर पसरतात आणि दोघींची ख्याति बुद्धिवर्धक म्हणून आहे. कुल, पान, फूल, रस यांपैकीं कशांतहि त्यांचें साम्य नाहीं. डोळ्यांपुढें दोन्ही ठेवल्या असतां शाळेंतील मूलहि त्यांत गफलत करणार नाहीं. तेव्हां गफलत झाली ती डोळ्यांची नव्हे, ग्रंथ वाचण्याची, हें उघड आहे.

(३)

आतां ग्रंथांकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौथ्या अध्यायांत पन्नास महाकषाय सांगितले आहेत. त्यांपैकीं प्रजास्थापन गणांत ब्राह्मीचें नांव आलें आहे, आणि वयःस्थापन गणांत मंडूकपर्णीचें. चिकित्सास्थानांतील पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत जीं चार सुप्रसिद्ध मेध्य रसायनें सांगितलीं आहेत त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क हीं येतात. ब्राह्मी तेथें नाहीं. उलट अपस्माराच्या चिकित्सेंत जें घृत सांगितलें आहे तें ब्राह्मीच्या रसांत, वेखंड, कोष्ठ व शंखपुष्पी घालून, जुन्या तुपाचें सिद्ध करावयाचें आहे. तेथें मंडूकपर्णी नाहीं. शिवाय अन्नपानाच्या अध्यायांत मंडूकपर्णी ही कडू भाज्यांच्या पंक्तीला बसविली आहे. एकाच ग्रंथांत दोन नांवें वेगवेगळ्या कामीं इतक्या सावधपणें योजिलेलीं असतां तीं पर्याय मानण्यास आधार राहत नाहीं.

सुश्रुताचें साक्ष्य याहूनहि स्पष्ट आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या, ‘मेधायुष्कामीय’ नामक अध्यायांत मंडूकपर्णीच्या स्वरसाचा प्रयोग अगोदर सांगून नंतर ब्राह्मीच्या स्वरसाचा प्रयोग स्वतंत्र रीतीनें सांगितला आहे. दोहोंचा विधि निराळा, अवधि निराळा आणि फलश्रुतीहि निराळी. मंडूकपर्णी तीन महिनेपर्यंत घ्यावयाची. तिनें मनुष्य तेजस्वी, ऐकलेलें धारण करणारा व शतायु होतो. ब्राह्मीचीं फळें सात सात दिवसांच्या तीन पायऱ्यांनीं सांगितलीं आहेत. पहिल्या सप्ताहांत बुद्धि, दुसऱ्यांत इच्छिलेला ग्रंथ रचण्याची शक्ति व विसरलेल्याची आठवण, आणि तिसऱ्यांत दोन वेळां उच्चारलेलें शंभरापर्यंत धारण करण्याचें सामर्थ्य. ज्यानें चाळीस वर्षें मुलांकडून शब्दरूपावलि पाठ करून घेतली, त्याला ही फलश्रुति वाचतांना किती हेवा वाटला असेल, हें वाचकांनींच ताडावें. परंतु प्रस्तुत मुद्दा फलाचा नसून क्रमाचा आहे. एकाच अध्यायांत, पाठोपाठ, एकाच द्रव्याचे दोन प्रयोग दोन नांवांनीं सांगण्याचें ग्रंथकाराला कारण नव्हतें. सारांश, संहिताकालीं ब्राह्मी व मंडूकपर्णी हीं दोन द्रव्यें होतीं, याविषयीं संशय राहूं नये.

मंडूकपर्णी म्हणजे कारिवणा, हेंहि बहुतेक निश्चित म्हणतां येतें. नांवांत पानाचें वर्णन आहे, आणि ओलींत बसलेल्या बेडकाची आठवण करून देणारें पान नीरब्राह्मीला नाहीं. ती भाजी म्हणून खाल्ली जात असे हेंहि जुळतें, कारण थानकुनीची भाजी बंगाल्यांत व गोटुकोलाची सिंहलद्वीपांत आजहि लोक आवडीनें खातात. राहिली ब्राह्मी. ती मंडूकपर्णीहून भिन्न, पण मेध्य गुणानें तिची शेजारीण. अशा स्थितींत बंगाल व केरळ या परस्परांपासून दूर असलेल्या दोन प्रांतांतील वैद्यपरंपरा एकाच वनस्पतीकडे बोट दाखवितात, हें साक्ष्य दुर्लक्ष करण्याजोगें नाहीं. 

(४)

मग घोटाळा शिरला कोठून? माझ्या मतें त्याचें मूळ कोशांत व निघंटूंत आहे. आणि त्याचें कारण ग्रंथकारांचें अज्ञान हें नसून पद्यांत नांवांच्या याद्या गुंफण्याची पद्धति हें आहे.

अमरकोश पाहा. ‘ब्राह्मी’ हें नांव तेथें वाणीच्या पर्यायांत, भारती आणि सरस्वती यांच्या सोबतीनें, येतें. वनौषधिवर्गांत ब्राह्मीला मत्स्याक्षी, वयस्था आणि सोमवल्लरी हे पर्याय दिले आहेत. यांतील वयस्था हें नांव त्याच कोशांत आंवळीलाहि दिलें आहे. सोमवल्लरीची बहीण ‘सोमवल्ली’ ही गुळवेल आहे, आणि ‘सोमवल्लिका’ ही बावची. आतां ‘मंडूकपर्णी’ पाहावी. अमरानें हें नांव मंजिष्ठेच्या पर्यायांत घातलें आहे. आणि पुल्लिंगी ‘मंडूकपर्ण’ म्हणजे तर टेटूचा मोठा वृक्ष. एक रंगाची वेल, एक झाड आणि एक भुईसरपट पाला, तिघांनाहि एकच बेडूक. हा कोश ज्यानें लहानपणीं पाठ केला तो पुढें वैद्य झाल्यावर नांवावरून द्रव्य ओळखूं लागला, तर त्याचें काय होणार? पूर्वीं तसें होत नसे, कारण नांव कोशांतून पाठ झालें तरी द्रव्य गुरूच्या मागून रानांत हिंडून ओळखलें जाई. ही दुसरी शाळा जसजशी बंद पडत गेली, तसतसा केवळ शब्दाचा अंमल वाढला.

त्यानंतर सोळाव्या शतकांतील भावमिश्राचा भावप्रकाश घ्यावा. महाराष्ट्रांतील वैद्यांच्या घरीं या ग्रंथाच्या पोथ्या पुष्कळ सांपडतात आणि पाठांतरांतहि तो असे, म्हणून त्याचें महत्त्व आपणांस विशेष आहे. गुडूच्यादि वर्गांत भावमिश्रानें श्लोकाच्या पूर्वार्धांत ब्राह्मीचीं नांवें दिलीं आहेत आणि उत्तरार्धांत मंडूकपर्णीचीं. पुढें गुण सांगतांना दोहोंचे गुण एकत्र सांगून, मंडूकपर्णीहि तशीच, एवढेंच शेवटीं म्हटलें आहे. ग्रंथकाराचा आशय स्पष्ट आहे : द्रव्यें दोन, गुण समान. पण पोथी डोळ्यांपुढें आणा. पदच्छेद नाहीं, नांवांत स्वल्पविराम नाहींत, पूर्वार्ध-उत्तरार्ध यांमधील दंड कित्येक लेखक गाळतात किंवा भलतीकडे देतात. अशा ठिकाणीं वाचणारा सगळीं नांवें एका ओळीनें वाचतो आणि ‘मंडूकपर्णी’ हें ब्राह्मीचेंच एक नांव होऊन बसतें. एका उभ्या रेघेच्या लोपानें दोन वनस्पतींची एक वनस्पति व्हावी, हा प्रकार पोथ्यांशीं परिचय असलेल्यांस नवा वाटणार नाहीं.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीनें सर्वांत अधिक विचारणीय ग्रंथ म्हणजे नरहरिपंडिताचा राजनिघंटु. ग्रंथकार काश्मीरचा म्हणून प्रसिद्ध असला तरी, कर्णाट व महाराष्ट्र या भाषांतील नांवांनीं आपण द्रव्यें स्पष्ट केलीं आहेत असें तो स्वतःच ग्रंथारंभीं सांगतो. म्हणजे आपल्या प्रांतांतील नांवांशीं त्याचा परिचय होता. याच्या ब्राह्मीच्या पर्यायांत ‘मंडूकमाता’ आणि ‘मंडूकी’ हीं नांवें आहेत. बेडूक ब्राह्मीच्या अंगणांत येऊन बसला आहे. आणि त्यानंतर तो ‘दुसरी’ ब्राह्मी सांगतो : लहान पानांची, पाण्यांत उगवणारी, लघुब्राह्मी. हा शब्दप्रयोग बारकाईनें पाहण्यासारखा आहे. जिला ‘लहान पानांची’ व ‘पाण्यांतली’ हीं विशेषणें लावून वेगळी करावी लागते ती मुख्य नव्हे. यावरून नरहरीच्या दृष्टीनें मुख्य ब्राह्मी ही मोठ्या पानांची, पाण्याबाहेरची, मंडूकी नांवाची, म्हणजे बहुधा आपला कारिवणाच, होती, असें अनुमान निघतें. संहितेंतील खरी ब्राह्मी येथें धाकटी होऊन ‘लघु’ झाली. आपल्याकडील ‘नीरब्राह्मी’ हें नांवहि याच जातीचें आहे. ज्या भाषेंत ‘नीर’ हें विशेषण लावावें लागतें, त्या भाषेंत नुसती ‘ब्राह्मी’ दुसरी कोणी तरी झालेली असते.

पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६ मध्यें धन्वंतरीय निघंटूसह राजनिघंटु छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून तो सर्वांच्या हातीं आला. त्या संस्थेच्या ग्रंथांत आधारभूत पोथ्या कोणाच्या, कोठल्या, हें आरंभीं देऊन पाठभेद तळाशीं देण्याची शिस्त आहे. पाठभेदांची ती रुक्ष दिसणारी ओळ अशा प्रश्नांत मुख्य मजकुराइतकीच मोलाची ठरते, हें येथें मुद्दाम नमूद करतों.

(५)

निघंटूंच्या बाहेर एक साक्षीदार आहे, आणि त्याचा संबंध गोमंतकाशीं पोंचतो. कोचीन येथील डच अधिकारी हेन्द्रिक व्हान ऱ्हेडे यानें मलबारांतील वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ तयार करविला तो ‘होर्तुस मलबारिकुस’ या नांवानें आम्स्टरडॅम येथें १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा भागांत छापला गेला. या कामीं इट्टि अच्युतन् हा मलबारी वैद्य प्रमुख होता हें प्रसिद्धच आहे. परंतु त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोंकणी वैद्यहि होते. पोर्तुगीजांच्या जाचामुळें गोमंतक सोडून कोचीनच्या आश्रयास गेलेल्या सारस्वत समाजांतील हे ब्राह्मण. या त्रिवर्गानें १६७५ मध्यें दिलेलें प्रमाणपत्र नागरी लिपींत पहिल्या भागांत छापलेलें आहे, आणि त्यांत आपण ‘महानिघंटु’ नामक ग्रंथाचा आधार घेतल्याचें ते सांगतात. म्हणजे आपल्या बाजूची निघंटुपरंपरा पोथीच्या रूपानें कोचीनपर्यंत गेली होती, आणि ती जिवंत वनस्पति पुढें ठेवून तपासली जात होती.

या ग्रंथाच्या १६९० मध्यें निघालेल्या दहाव्या भागांत ‘ब्रामि’ या नांवाखालीं जें चित्र आहे तें समोरासमोर लहान जाड पानें असलेल्या वनस्पतीचें, म्हणजे नीरब्राह्मीचें आहे. त्याच भागांत ‘कोडगम्’ या नांवानें दुसरें चित्र आहे, तें वाटोळ्या पानांच्या कारिवण्याचें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मलबारांत ब्राह्मी म्हणजे कोणती, याचा हा चित्ररूप पुरावा आहे, आणि त्यांत शब्दार्थाच्या खेंचाखेंचीला जागाच नाहीं. चित्र खोटें वाचतां येत नाहीं, हा चित्राचा गुण.

(६)

इंग्रजी अमदानींत या विषयावर लिहिणाऱ्यांनीं आपआपल्या प्रांताची साक्ष लिहून ठेविली. कलकत्त्याच्या उदयचंद दत्त यांनीं १८७७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या हिंदु औषधिद्रव्यांच्या ग्रंथांत ब्राह्मी म्हणजे हर्पेस्टिस व मंडूकपर्णी म्हणजे हायड्रोकोटाइल, असा स्वच्छ विभाग केला आहे. मुंबईच्या बाजूचा अनुभव पाठीशीं असलेल्या डिमॉकनें वॉर्डन व हूपर यांच्या साह्यानें १८९० ते १८९३ मध्यें काढलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथांत कारिवणा हें नांव नोंदलें आहे. दरम्यान कारिवण्याला एक वेगळेंच प्राक्तन लाभलें होतें. मॉरिशस बेटांतील डॉक्टर ब्वालो यांनीं १८५२ मध्यें महारोगावर त्याची वाखाणणी केली. मद्रासेस डॉक्टर हंटर यांनीं १८५५ च्या सुमारास रुग्णांवर तें वापरून पाहिलें आणि महारोगाचें तें खास औषध नव्हे, तरी उपयुक्त आहे, असा निष्कर्ष काढला. १८६८ च्या भारतीय औषधिकोशांतहि त्याला स्थान मिळालें. एकाच पाल्याला घरीं बुद्धीचें औषध समजावें आणि इस्पितळांत त्वचेचें, असा तो काळ.

याच्या उलट मोनियर विल्यम्स यांचा १८९९ चा संस्कृत कोश उघडावा. ब्राह्मी शब्दाखालीं भारंगीच्या जातीची एक वनस्पति, सताप, आणि बंगाल्यांतील हेलेंचा अशीं तीन भलतींच द्रव्यें सांपडतात. ज्या वनस्पति खरोखर वादांत आहेत त्यांचें तेथें नांव नाहीं. संस्कृत शिकविणाऱ्या माझ्यासारख्यांनीं हा कोश वर्षानुवर्षें प्रमाण मानून वापरला, आणि अशा स्थळीं ‘एक वनस्पति’ एवढें लिहून पुढें सरकलों. हें ‘एक वनस्पति’ म्हणजे टीकाकाराची पळवाट होय, असें आतां वाटतें.

विसाव्या शतकांत रसायनशास्त्रानें दोघींची फारकत अधिक दृढ केली. कारिवण्यांतील मुख्य द्रव्य ‘एशियाटिकोसाइड’ हें १९४० च्या सुमारास वेगळें करण्यांत आलें. नीरब्राह्मींतील ‘बॅकोसाइड’ द्रव्यांचा शोध लखनौच्या केंद्रीय औषधसंशोधन संस्थेंत १९६० नंतरच्या दशकांत लागला. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशानेंहि ब्राह्मी म्हणजे बॅकोपा व मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला, असा निर्णय दिला आहे. सरकारी व्यवहारापुरता वाद मिटला. परंतु सरकारी निर्णयानें मागील पोथी सुधारत नाहीं. जुन्या बाडांत ‘ब्राह्मीरस चार मासे’ असें लिहिलेलें असेल तर लिहिणाऱ्यानें कोणत्या पाल्याचा रस काढला होता, हें औषधिकोश सांगूं शकत नाहीं. तें त्या बाडानेंच सांगितलें पाहिजे. येथें माझ्या अपराधाचा प्रसंग येतो.

(७)

तीस-एक वर्षांपूर्वीं कोंकणांतील एका वैद्यघराण्यांतील बाड मला आठ दिवसांपुरतें पाहावयास मिळालें होतें. घरच्या मालकांनीं मोठ्या विश्वासानें तें माझ्या हातीं दिलें. मूळ योग संस्कृतांत, बाळबोध अक्षरांत. आणि समासांत बारीक मोडींत, निरनिराळ्या हातांनीं, मराठी टिपा. मी तेव्हां संस्कृताच्या अभिमानानें भरलेला तरुण शिक्षक होतों. मीं श्लोक उतरून घेतले, त्यांतील अशुद्धें शुद्ध केलीं, एके ठिकाणीं ‘मंडूकी’ असें होतें तें छंदाला व अर्थाला बाध येत नाहीं असें पाहून ‘ब्राह्मी’ असें केलें, आणि समासांतील मोडी टिपा ‘घरगुती, निरुपयोगी’ म्हणून सोडून दिल्या. उशिरा बोलूं लागणाऱ्या मुलासाठीं ब्राह्मीच्या रसाचा एक योग त्यांत होता. त्याच्या कडेला मराठींत एक शब्द लिहिलेला होता, एवढें मला स्मरतें. तो ‘कारिवणा’ होता, ‘नीरब्राह्मी’ होता, कीं तिसराच कांहीं होता, तें स्मरत नाहीं. ब्राह्मीच्याच प्रकरणीं स्मृतीनें असा दगा द्यावा, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

कांहीं वर्षांनीं या प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत आल्यावर मी पुन्हा त्या घरीं गेलों. मध्यंतरीं माळ्यावरील पेटीला वाळवी लागून बाडाचा चुरा झाला होता. मालकांनीं कांहींच दूषण दिलें नाहीं. ‘गुरुजी, तुमच्याकडे नक्कल आहे ना, मग काळजी नाहीं,’ असें ते म्हणाले. माझ्याकडे नक्कल होती; परंतु जेवढें मला ठाऊक होतें तेवढेंच तिच्यांत होतें, आणि जें त्या घराण्याला ठाऊक होतें तें मीं गाळलें होतें. त्या एका शब्दावरून कोंकणांतील एका पिढीचा निश्चित व्यवहार कळला असता. नरहरीच्या निघंटूवरून वर जें अनुमान केलें आहे त्याला एक साक्षीदार मिळाला असता, किंवा तें खोटें पडलें असतें. दोहोंपैकीं कांहींहि झालें असतें तरी तें ज्ञानच होतें. आज तें अनुमान अनुमानच राहिलें आहे, आणि त्याला आधार म्हणून माझी ‘शुद्ध’ केलेली नक्कल दाखविण्याचा मला अधिकार नाहीं, कारण तींतील ‘ब्राह्मी’ हा एका ठिकाणीं माझाच शब्द आहे.

(८)

एवढ्यावरून मंडळाच्या सभासदांना व खाजगी संग्राहकांना कांहीं विनंति करावीशी वाटते. वैद्यकाचीं बाडें काव्याच्या किंवा बखरीच्या पोथ्यांइतकीं मानाचीं समजलीं जात नाहींत. संग्रहांत तीं तळाशीं असतात आणि सूचींत ‘वैद्यक, स्फुट’ एवढ्याच नोंदीवर भागतें. ज्यांच्या संग्रहांत अशीं बाडें आहेत त्यांनीं वनस्पतींचीं नांवें जशीं आहेत तशींच उतरावीं, व्याकरणाला किंवा वृत्ताला अनुसरून तीं सुधारूं नयेत. समासांतील देशी शब्द, मग ते कितीहि क्षुद्र वाटोत, मूळ मजकुराबरोबरच टिपावेत, आणि ते कोणत्या योगाच्या कोणत्या शब्दासमोर आहेत तेंहि लिहावें. बाड कोणत्या गांवचें हें अवश्य नोंदावें, कारण वैद्याची वनस्पति ही त्याच्या गांवच्या ओढ्याकांठची असते. घाटावरचें बाड व कोंकणांतलें बाड एकाच शब्दानें दोन पाले सांगत असण्याचा संभव आहे. बंगाल्यांतून आलेला छापील ग्रंथ व आपल्याकडील हस्तलिखित यांचीं नांवें एकमेकांवर लादूं नयेत. ‘भैषज्यरत्नावली’ हा बंगाली वैद्याचा ग्रंथ. त्यांतील सारस्वतारिष्टाची ब्राह्मी ही बंगाल्याच्याच व्यवहारानें वाचावी लागेल. आज प्रत्येक पानाचें छायाचित्र घेणें सुलभ झालें आहे. नक्कल करणाऱ्याच्या मताला त्यांत वाव राहत नाहीं, हा त्याचा मोठाच लाभ.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे दिवंगत परशुराम कृष्ण गोडे यांनीं तंबाखू, मेंदी यांसारख्या नित्याच्या वस्तूंचा इतिहास पोथ्यांतील सनवार उल्लेख जुळवून लिहिण्याचा मार्ग घालून दिला. ब्राह्मीचा इतिहासहि त्याच मार्गानें लिहिला गेला पाहिजे. त्याला लागणारे दाखले अद्यापि महाराष्ट्रांतील माळ्यांवर व पेट्यांत पडलेले आहेत. कालाच्या दृष्टीनें निश्चित, स्थलाच्या दृष्टीनें निश्चित आणि देशी नांवानें स्पष्ट केलेला असा एक दाखला पुढें आला, तरी वरील चर्चेंतील एखादा दुवा पक्का होईल किंवा तुटेल. तो तुटला तरी प्रस्तुत लेखकास खेद वाटणार नाहीं. 

माझ्या परसांत आतां दोन कुंड्या शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत. एकींत वाटोळ्या पानांचा कारिवणा, दुसरींत कडू रसाची नीरब्राह्मी. दोन्हींवर नांवाच्या चिठ्ठ्या लाविल्या आहेत, आणि चिठ्ठीवर कोणी कोणतें नांव सांगितलें व तें कोठल्या गांवीं, हेंहि लिहून ठेविलें आहे. पाहुणे आले म्हणजे दोन्हींचीं पानें त्यांच्या हातीं देऊन ‘यांतली ब्राह्मी कोणती?’ असें विचारतों, आणि जें उत्तर येईल तें न सुधारतां उतरून घेतों.